९९९ म्हणजे माहिती नाही

उभ्या आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, पण त्या सगळ्या घरी. कामावर एकही नाही. इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, माझी खोली होती. डॉक्टर मंडळी संशोधन करायची, भरलेल्या फॉर्मचे गठ्ठे आणून टाकायची, आणि मी ते आकडे सॉफ्टवेअरमध्ये घालून सरासऱ्या, आलेख काढून द्यायचो. सगळं इस्पितळ मला आकडेकाका म्हणायचं. ही गोष्ट थाप वाटली तर वाटू दे. थापच मारायची असती तर मी याहून चांगली मारली असती.

आमच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. फॉर्मवर एखादी जागा कोरी असली की तिथे ९९ किंवा ९९९ टाकायचं. अर्थ एवढाच, की माहिती नाही. फक्त हे सॉफ्टवेअरच्या कानावर आधी घालावं लागतं, नाहीतर ते बिचारं तो आकडा खरा धरून चालतं. एकदा मी विसरलो, आणि रांगत्या मुलांचं सरासरी वय अकरा वर्षं निघालं. बालरोगवाले महिनाभर मला बघून हसत होते. तेव्हा मी कानाला खडा लावला. ९९९ दिसलं की वाचायचं, माहिती नाही.

त्या वर्षी सर्जनबाईंचं काम हातात होतं. बाई हृदयाच्या झडपा बदलायच्या. ऑपरेशन झालेले दोनशे बारा रुग्ण, प्रत्येकावर वर्षभर लक्ष. वय, वजन, नाडीचे ठोके, बसवलेल्या झडपेचं माप. शेवटी दोन रकाने. एकात रुग्ण जिवंत असल्यास शून्य, नसल्यास एक. दुसऱ्यात ऑपरेशनपासून शेवटच्या भेटीपर्यंतचे दिवस. जो गेला त्याची भेट अर्थातच गेला त्या दिवशी संपली. जो आहे त्याचे, आपल्यापैकी कुणीतरी त्याला शेवटचं पाहिलं तिथपर्यंतचे.

आकडे भरून झाले. पहिली बेरीज घेतली तर सॉफ्टवेअर म्हणालं, एकूण रुग्ण दोनशे तेरा.

मी फॉर्म मोजले. दोनशे बारा. पडद्यावरच्या ओळी बोट लावून मोजल्या. दोनशे बारा. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, दुसऱ्या संगणकावर चालवलं. दोनशे तेरा.

सर्जनबाईंना सांगितलं तर त्या हात पुसत म्हणाल्या, "काका, एक जास्त आहे ना? मग काढून टाका."

"दिसला तर काढीन," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"बेरजेत आहे. यादीत नाही."

बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर त्या बहुधा ऑपरेशनला नाही म्हणणाऱ्या रुग्णांसाठी राखून ठेवत असाव्यात.

आता माझ्यासारख्या माणसाला खाज सुटणारच. न दिसणारा माणूस बेरजेत असेल तर तो वजाबाकीत सापडायला हवा. दोनशे बारा फॉर्मवरची वयं मी साध्या कॅल्क्युलेटरवर मिळवली आणि सॉफ्टवेअरच्या बेरजेतून वजा केली. उरले चोपन्न. स्त्री-पुरुष रकान्यातून निघाली स्त्री. वजन साडेत्रेसष्ट. ठोके अठ्ठ्याऐंशी. झडप एकवीस मापाची.

चोपन्न वर्षांची बाई माझ्या घरातही होती.

हिचा दम तेव्हा दोन जिन्यांतच संपायचा. सर्जनबाईंनी तपासून सांगितलं होतं, झडप अरुंद झाली आहे, महिन्याभरात बदलायला हवी. ही तयार नव्हती. "एकदा छाती उघडली की पूर्वीसारखं काही राहत नाही," एवढंच म्हणायची. निर्णय माझ्यावर टाकून मोकळी झाली होती.

संध्याकाळी घरी आल्या आल्या मी तिचं मनगट धरलं.

"अगोबाई! एकतीस वर्षांनी हात धरायचं सुचलं वाटतं?"

"बोलू नकोस. मोजू दे."

अठ्ठ्याऐंशी. मग काट्यावर उभं केलं. साडेत्रेसष्ट.

"विकायला काढताय का मला?"

मी हसलो. दोन्ही आकडे खिशातल्या चिठ्ठीशी जुळत होते.

दुसऱ्या दिवशी उरलेले दोन रकाने काढले. जिवंत की नाही, याची वजाबाकी शून्य आली. जिवंत! मग दिवसांची बेरीज घेतली, फॉर्मवरची वजा केली. उरले ९९९.

माझा जीव भांड्यात पडला. वर्षभराच्या अभ्यासात तीनशे पासष्टच्या वर आकडा जाणार कुठून? म्हणजे तो आपला नेहमीचा ९९९. ऑपरेशन झालं, बाई ठणठणीत घरी गेली, तपासणीला फिरकली नाही, बस. आमच्या हिचा स्वभाव पाहता अगदी पटण्याजोगं.

"काय म्हणतंय तुमचं मशीन?" संध्याकाळी घरी तिनं विचारलं.

"तू जिवंत राहशील म्हणतंय."

"किती दिवस?"

"माहिती नाही म्हणतंय."

"मग तुमच्यापेक्षा प्रामाणिक आहे." असं म्हणून तिनं ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशन उत्तम झालं. झडप एकवीस मापाची बसली. सर्जनबाईंनी ते सांगितलं तेव्हा मी फक्त मान हलवली. तिसऱ्या महिन्यात ही जिने चढायला लागली, चौथ्यात माझ्याशी भांडायला. दोनशे तेराव्या ओळीचं मी पुढे कुणाजवळ बोललो नाही. शोधनिबंधात दोनशे बाराच छापलं. सरासऱ्या हातानं काढून दिल्या.

अडीच वर्षं सुखात गेली. मग बाईंनी तेच रुग्ण पाच वर्षांपर्यंत पाहायचं ठरवलं. फॉर्म नवे, फाईल नवी.

"आणि काका," बाई म्हणाल्या, "ते तुमचं ९९९ आता बंद हं. पाच वर्षांच्या अभ्यासात एखाद्याचे खरंच नऊशे नव्याण्णव दिवस भरतील. माहिती नसेल तिथे जागा कोरी सोडा."

मी कोरी सोडली. अख्ख्या फाईलमध्ये तो कोड कुठेही नव्हता. बेरीज घेतली.

दोनशे तेरा.

मी वजाबाकी केली. चोपन्न. साडेत्रेसष्ट. अठ्ठ्याऐंशी. एकवीस. शून्य.

नऊशे नव्याण्णव.

खिडकीबाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं. ती कुरकुर दूर जाईपर्यंत मी आकडे पुन्हा पडताळले. मग कॅलेंडर काढलं. ऑपरेशनला त्या दिवशी नऊशे चौऱ्याऐंशी दिवस झाले होते.

मी मला जमतो तसाच विचार केला. ओळ सांगते, बाई जिवंत, शेवटची भेट नऊशे नव्याण्णवाव्या दिवशी. मरणाचं कुठे म्हटलंय? तर मग हजाराव्या दिवशी तिला कुणीतरी पाहायचं, फॉर्म भरायचा, शिक्का मारायचा. ओळ खोटी ठरली की झालं. मी हजाराव्या दिवसाची सकाळची वेळ घेऊन ठेवली.

नऊशे नव्याण्णवाव्या दिवशी मी रजा टाकली.

"आज शेपटासारखे मागे मागे का फिरताय?" ती म्हणाली. "बरं नाही का?"

"घरात मला बसायला बंदी आहे का?"

"बसा की. पाय वर घ्या, फरशी ओली आहे."

तिनं फरशी पुसली, कपडे घडी केले, बहिणीशी फोनवर तासभर बोलली. मी मधूनमधून नाडी पाहत होतो. जेवण झाल्यावर आम्ही दोघं समोरासमोरच्या खुर्च्यांत बसलो. मी पेपर धरला होता.

डोळा लागला.

वीस मिनिटं असतील. जाग आली तेव्हा ती समोरच्या खुर्चीतच होती. ताठ बसून माझ्याकडे पाहत होती.

"झोपलात," ती म्हणाली.

"हो."

"मी जागीच होते."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही इस्पितळात होतो. ओळखीच्या सिस्टरनं तिला आत नेलं, ठोके पाहिले, छाती तपासली. "काका, काकू एकदम ठणठणीत!" म्हणत फॉर्म माझ्या हातात दिला. जिवंत. एक हजार दिवस. खाली सही, शिक्का. मला नाचावंसं वाटलं.

हिला बाकावर बसवून मी खोलीत गेलो. आमच्या हिचं नाव अभ्यासात नव्हतं. तिचं ऑपरेशन त्या दोनशे बारांच्या नंतर झालं होतं. मी फाईलची नक्कल काढली आणि खाली तिची ओळ घातली. वय चोपन्न, झडप एकवीस, दिवस एक हजार. आता पडद्यावर दोनशे तेरा ओळी होत्या. रिकामी जागा भरली. हिशेब जुळायला हवा होता.

सॉफ्टवेअर म्हणालं, दोनशे चौदा.

मी वजाबाकी केली. दोनदा.

नऊशे नव्याण्णव दिवसांची बाई होती तिथेच होती. बाहेर बाकावर बसलेली तिच्यात मिळाली नव्हती. दोघींची मोजणी वेगळी झाली होती.

फाईल पुसून टाकली. बाहेर आलो. ती उठून उभी राहिली, माझ्या हातात हात घातला, आणि आम्ही घरी आलो.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झालो. ती माझी काळजी घेते, माझ्या विनोदांना हसते, पूर्वीपेक्षा जरा जास्तच. सांगण्यासारखं एवढंच, की आमच्या स्वयंपाकघरात एक उंच फळी आहे. साखरेचा मोठा डबा तिथे असतो. तेहतीस वर्षं त्या डब्यासाठी मला हाक यायची, "अहो, जरा इकडे या."

त्या दिवशी इस्पितळातून आल्यावर तिनं चहा ठेवला. मी दारात उभा होतो. तिनं हात वर केला आणि डबा खाली घेतला.

टाचा उचलल्या नाहीत.