गिरडच्या टेकडीआधी अडकलेलं विमान

"गेलं! परत अडकलं!" हिरालालनं कपाळावर हात मारून घेतला.

पडद्यावरचं विमान हवेतल्या हवेत थिजलं होतं. खाली वर्ध्याचे रेल्वेचे रूळ, समोर गिरडची टेकडी आणि मध्ये हे विमान, ना पुढं ना मागं! मग एक हिसका बसला, विमान जरासं सरकलं आणि पुन्हा थिजलं. तिसऱ्या हिसक्याला ते सरळ जमिनीत घुसलं.

"तू वेळेवर कळ दाबली नाई," सुलोचना म्हणाली.

"दाबली ना वं! थांबलं की ते कळ ऐकतच नाई, त्याले मी काय करू?"

जिजा उईके मधल्या खुर्चीवर बसली होती. हे विमान तिचं होतं. विमान उडवायचा तो खेळ एका मासिकात छापून आला होता आणि नववीतल्या जिजानं तो एकेक अक्षर पाहून कॉम्प्युटरमध्ये टाकला होता. परदेशी विमानतळाच्या जागी तिनं वर्धा बसवलं आणि डोंगराच्या जागी गिरडची टेकडी! गेल्या सोमवारपर्यंत विमान अगदी सुळकन जायचं. मंगळवारपासून हे असं सुरू झालं होतं.

१९८६ सालचा मे महिना होता. शाळेला नुकतेच दोन कॉम्प्युटर मिळाले होते आणि सुट्टीत हरिदास सर त्यांचा वर्ग घेत होते. सर हुशार होते, पण घाई म्हणजे किती घाई! आज वर्ग सुटताना सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, "जिजा, तू फ्लॉपीत काहीतरी गडबड करून ठेवलीस. सोमवारपासून यंत्राला हात लावायचा नाही. समजलं?"

चाळीस पोरांसमोर! जिजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं स्वतःच्या प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली होती. चूक कुठंच नव्हती. पण सरांना कोण सांगणार? आणि हे दोन कॉम्प्युटर सुटले, तर तिसरा शोधायला ती जाणार तरी कुठं?

म्हणून वर्ग सुटल्यावर तिघं पुन्हा आत शिरली होती. तीनची एसटी धरून त्यांना सेलूला सुलोचनाच्या मावशीकडे दोन दिवस राहायला जायचं होतं. तोवर चूक शोधून काढू, असा बेत होता.

"अडीच वाजले," हिरालाल उठला. "चला, नाईतं गाडी जाईन."

त्यानं दार ओढलं. दार हललं नाही. त्यानं पाय रोवून दोन्ही हातांनी ओढलं. बाहेर कुलूप खडखडलं.

"अरे देवा! सर कुलूप लावून गेले!"

"असं कसं? आपल्या चपला बाहेर हायत ना!" सुलोचना किंचाळली.

होत्याच! धूळ नको म्हणून सगळे चपला दाराबाहेर काढत. तीन जोड चपला दारात पडलेल्या असताना सरांनी कुलूप लावलं होतं! आणि आतल्या कूलरची घरघर इतकी मोठी, की कुलपाचा आवाज तिघांपैकी एकालाही आला नव्हता.

त्यांनी दार बडवलं. हाका मारल्या. "सर! सर! कोनी हाय का?" पण खोली शाळेच्या मागच्या बाजूला होती. पलीकडे खेळाचं मैदान, त्यापुढं शेतं. मे महिन्यातल्या भर दुपारी तिथं कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. धुळीच्या भीतीनं खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या. एक खिडकी होती ती कूलरनं अडवलेली आणि त्यापुढं लोखंडी गज.

"घाबरू नका," सुलोचना म्हणाली. "आपण आलो नाई म्हनून मावशी चौकशी करनच."

"मावशीले माहीत हाय ना आपण येऊन राह्यलो ते?" हिरालालनं विचारलं.

सुलोचनानं जीभ चावली. "पत्र टाकायचं राह्यलं."

"घ्या! मंग झालं!" हिरालाल मटकन खाली बसला. "घरच्यांले वाटन आपण सेलूले. मावशीले वाटन आपण घरी. अन् आपण इथी! सोमवारपर्यंत!"

आज शनिवार होता. तिघांत मिळून एक पाण्याची बाटली आणि हिरालालच्या पिशवीत पावभर चिवडा. माझ्यामुळं, माझ्या त्या विमानामुळं ही दोघं अडकली, हा एकच विचार जिजाच्या डोक्यात फिरत होता.

चारच्या सुमारास कूलरमधलं पाणी संपलं. आता तो भट्टीतली हवा आत फेकू लागला. टाकी बाहेरच्या बाजूला होती, त्यात पाणी घालणार कोण? बाटलीत दोन घोट उरले होते आणि ते कुणीच पीत नव्हतं. सुलोचना भिंतीला टेकून मुसमुसत होती.

"बंद कर तो कूलर, तोंड भाजून राह्यलं," हिरालाल म्हणाला.

जिजानं बटण बंद केलं. घरघर थांबली आणि खोली एकदम शांत झाली. तशी ती मघापासून कॉम्प्युटरसमोरच बसून होती. काहीतरी करायला हवं म्हणून तिनं पुन्हा विमान सुरू केलं.

विमान उडालं. थिजलं.

कर्र्र्र!

"काय वाजलं?" सुलोचनानं डोळे पुसले.

विमान सरकलं. थिजलं. कर्र्र्र!

"उंदीर असन," हिरालाल म्हणाला.

"उंदीर काय विमान पाहून कुरतडते का बे?" जिजा ताडकन उठली. "पाह्य ना! विमान थांबलं की वाजते. वाजणं संपलं की विमान सरकते!"

तिनं भिंतीला कान लावला. पलीकडे शाळेचं ऑफिस होतं, सुट्टीमुळं बंद असलेलं. भिंतीला एक भोक पाडलेलं होतं आणि त्यातून एक जाड वायर पलीकडे गेली होती.

"प्रिंटर!" जिजा ओरडली. "मंगळवारी सरांनी प्रिंटर तिकडं नेऊन ठेवला! अन् मंगळवारपासूनच विमान अडखळून राह्यलं! रोज कूलर चालू, म्हनून आपल्याले ऐकूच आलं नाई!"

"पण आपण कुठं छापून राह्यलो काही?" हिरालालनं विचारलं.

"आपण नाई. कोपऱ्यात विमानाची उंची दिसते ना, तो आकडा पाह्य. दर खेपेला बदलते. तो पडद्यावर उमटला की तिकडं कागदावरही छापून राह्यला! प्रिंटर हळू, कॉम्प्युटर जोरात. प्रिंटर म्हणते, थांब बापा, मागची ओळ होऊ दे. मंग विमान बिचारं थांबते!"

पण तिच्या प्रोग्राममध्ये तर छापायला सांगितलेलंच नव्हतं! मग सांगितलं कुणी? जिजानं वर्गाच्या फ्लॉपीवरची यादी उघडली. फ्लॉपी घातल्याबरोबर आपोआप चालणारी एक छोटी फाईल होती. ती सरांची, म्हणून तिनं कधी उघडून पाहिली नव्हती. आज पाहिली. पहिल्याच ओळीत हुकूम होता: प्रिंटर चालू. बंद करायची ओळ पुढं कुठंच नव्हती!

जिजानं प्रिंटर बंद करायचा हुकूम दिला आणि विमान सोडलं.

काय ते विमान गेलं! एक हिसका नाही, एक झटका नाही. रूळ मागं पडले, शेतं मागं पडली, गिरडची टेकडी हळूहळू मोठी होत आली आणि विमान तिच्या डोक्यावरून अलगद पार झालं.

"जिजा! तुही चूक नव्हती वं!" सुलोचनानं तिला मिठीच मारली. जिजाला हसू येत होतं आणि रडूही.

"विमान सुटलं," हिरालाल कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत म्हणाला. "आपण कधी सुटणार?"

जिजा त्याच्याकडे बघतच राहिली.

"हिरा, ऑफिसमधला प्रिंटर कुठं ठेवला हाय?"

"रस्त्याच्या खिडकीपाशी! येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसावा म्हनून सरांनी मुद्दाम तिथी ठेवला. त्या खिडकीचं दार मोडकं हाय, लागतच नाई. कागद तं वाऱ्यानं बाहेर..." तो बोलता बोलता थांबला. "अबे बापरे!"

"लिही, लिही! आम्ही कोंडले गेलो, लवकर या!" सुलोचना जिजाला ढकलू लागली.

"थांब. खिडकीबाहेर या वेळी कोन असते?"

"टरबूजवाली शकुबाई. दुसरं कोनीच नाई," सुलोचना म्हणाली.

"तिले वाचता येते?"

शकुबाईला अक्षरओळख नव्हती. त्यात हा कॉम्प्युटर फक्त इंग्रजी अक्षरं छापायचा.

"मंग चित्र काढू," जिजा म्हणाली.

तिची बोटं भराभर चालू लागली. फुल्याफुल्यांचं एक मोठं कुलूप. त्याखाली तीन गोल तोंडं, तिन्हींचे ओठ खाली वळलेले.

"माह्यं तोंड एवढं गोल नाई!" हिरालाल म्हणाला. त्याही परिस्थितीत!

खाली इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ टाकली: कॉम्प्युटरच्या खोलीत कोंडलो, कुलूप उघडा. मग जिजानं प्रिंटर पुन्हा चालू केला आणि हेच चित्र पुन्हा पुन्हा छापत राहा, असं सांगितलं.

कर्र्र्र! कर्र्र्र! मघाशी ज्या आवाजानं विमान अडवलं होतं, तोच आवाज आता तिघं कानात प्राण आणून ऐकत होती. एक कागद. दुसरा. पाचवा. नववा.

आणि लाईट गेली.

पडदा विझला. फळ्या ठोकलेल्या खोलीत मिट्ट अंधार झाला. पलीकडची कर्रकर्र बंद पडली.

"गेलं सगळं," सुलोचना पुटपुटली. कागद खिडकीबाहेर गेला का? कुणी पाहिला का? की ऑफिसातच गुंडाळून पडला? काहीच कळायला मार्ग नव्हता. तिघं एकमेकांचे हात घट्ट धरून बसली. हिरालालनं उरलेले दोन घोट मुलींपुढं धरले. "तुम्ही घ्या. मले तहान नाई," तो म्हणाला. त्याच्या घशातून आवाजसुद्धा धड निघत नव्हता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक! मग बाहेर पावलं वाजली आणि एक खणखणीत आवाज आला.

"लेकराहो! हाय का अंदर?"

"हाव! हाव!" तिघं एका दमात ओरडली.

कुलूप उघडलं. दारात शकुबाई उभी होती, हातात लांबलचक कागद. तिच्यामागं मुख्याध्यापक अण्णाजी, धोतराचा सोगा सावरत, धापा टाकत.

"अवो माय! हा कागद माह्या टरबुजावर येऊन पडला ना!" शकुबाई म्हणाली. "मले वाचता येत नाई, पन कुलूप तं समजते! अन् तीन तोंडं रडून राह्यली. म्हटलं, कोनाची तरी लेकरं हायत. धावतच गेली अण्णाजीच्या घरी!" तिनं तिघांना ओढत नेलं आणि एक अख्खं टरबूज फोडून पुढं ठेवलं. ते किती वेळात संपलं, ते विचारू नका.

अण्णाजींचा निरोप मिळताच हरिदास सर लग्नाच्या मांडवातून स्कूटरवर आले, डोक्यावर फेटा तसाच. "पण मी तर खोली बघूनच कुलूप..."

"चपलाही दिसल्या नाहीत का मास्तर?" अण्णाजींनी विचारलं.

जिजानं सगळं सांगितलं. अण्णाजी ऑफिसात गेले. प्रिंटरजवळ कागदांचा हा ढीग! पानंच्या पानं विमानाच्या उंचीचे आकडे. त्यांनी अगदी तळातलं पान काढलं, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचू लागले, "मामासाहेब, हिंगणघाट, चार माणसं. काकू, पुलगाव, सात माणसं... मास्तर, हे काय?"

सरांचा चेहरा फेट्यापेक्षा लाल झाला. "मेव्हणीच्या लग्नाची यादी. मंगळवारी छापली. प्रिंटर आपोआप चालू व्हावा म्हणून ती ओळ टाकली आणि... काढायची राहिली."

"आणि दोष या मुलीला दिलात!" अण्णाजींनी जिजाच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, चूक शोधलीस ती शोधलीस, वर त्याच चुकीतून बाहेर पडायची वाट काढलीस. शाबास! तिघांनाही शाबास!"

सर पुढं झाले. "जिजा, माझं चुकलं. तू सोमवारी ये. यंत्रावर तूच बसायचं."

जिजानं मान खाली घातली. मग हळूच वर पाहिलं. "सर, हे सोमवारी सगळ्यांसमोर सांगाल?"

हिरालालचा टरबुजाचा घास तोंडातच राहिला.

"सांगेन," सर म्हणाले.

आणि सोमवारी त्यांनी खरंच सांगितलं. हजेरी घेण्याआधी, चाळीस पोरांसमोर, स्पष्ट आवाजात: "विमान अडखळत होतं ते माझ्या चुकीमुळं. जिजाच्या नाही. ती चूक जिजानं शोधली."

जिजानं फ्लॉपी आत सरकवली आणि वर्ध्याहून विमान उडालं.