बबीन्याचं स्थळ

शनिवारी सकाळी साडेसातला ईशानीचा फोन आला तेव्हा जगन्नाथ सप्रे दाढी करत होते.

"काका, जाई नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"अंगणात नाही, छतावर नाही. मी दूध आणायला दहा मिनिटं गेले होते बस. परत आले तर गेट बाहेरून लावलेलं, पण आत कोणी नाही."

जगन्नाथ अर्धी दाढी तशीच ठेवून निघाले.

जाई म्हणजे कुत्री. फिकट पिवळी लॅब्राडॉर, तोंड पांढरं पडलेलं, पोट लोंबलेलं. झाशीजवळ बिजौलीत एका बंद कारखान्यामागच्या शेडमध्ये तिला पिल्लं काढण्यासाठी कोंडून ठेवलं होतं. दोन महिन्यांपूर्वी ईशानीनं पोलीस नेऊन तिला सोडवलं. ईशानी शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात असल्या जिवांना घर शोधते. जाईला घर मिळालंही होतं. उद्या रविवारी ती बबीन्याला मारुतराव दिघ्यांकडे जायची होती.

ते स्थळ जगन्नाथांनीच पाहून आणलं होतं.

स्थळच म्हणायचं ते. झाशीत मराठी घरं मोजकी, त्यामुळे मुलगी द्यायची असो की कुत्री, चौकशी आपल्या मराठी मंडळाच्या ओळखीतूनच होते. मारुतराव मंडळाचे जुने सभासद. जगन्नाथ त्यांच्याकडे गेले, पोहे खाल्ले, कोकणातल्या मूळ गावाच्या गप्पा मारल्या आणि ईशानीला सांगितलं, "घर चांगलं आहे. आपलीच माणसं."

ईशानीच्या अंगणात त्यांनी आधी इकडेतिकडे नीट पाहिलं. रेल्वेत चौतीस वर्षं त्यांनी डब्यांची चाकं तपासली होती, ती सवय काही जात नाही. खाण्याची वाटी भरलेली होती. पट्टा खिळ्यावर होता.

"पट्टा नेला नाही?"

"पट्टा पाहिला की ती लघवी करते काका, इतकी डरते. मी पण तिला घेऊन अजून गल्लीच्या नाक्यापर्यंत पोचलेले नाही."

"आणि आज ती विनापट्ट्याची कुणाच्या तरी मागून गेली. कुणी भुंकणं ऐकलं का?"

"भुंकत तर ती कधीच नाही."

जगन्नाथांना एक गोष्ट आठवली. मागच्या आठवड्यात ते आले तेव्हा जाई दारातच आडवी पडली होती. ईशानी 'हट, चल हट' म्हणाली तर ती आणखीच जमिनीला चिकटली. जगन्नाथ सहज म्हणाले, "बाजूला हो गं बाई," आणि ती उठून सरकली. तेव्हा ते नुसते हसले होते.

"इथे गेल्या चार दिवसांत कोण कोण आलं?"

"परवा शेडवाला लखन आला. बोलला, कुत्ती वापस करो. काल मृदुलामावशी आल्या, मंडळाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण द्यायला. चहा ठेवला तर न पिताच गेल्या, डोकं दुखतंय म्हणून. जाई कुठे जाणार ते विचारलं फक्त. आणि मारुतकाकांचा फोन, दोनदा."

"काय म्हणाले?"

"पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालं का विचारत होते. मी म्हटलं पुढच्या महिन्यात करते, मग पाठवते. तर म्हणाले, नको, आम्हीच करून घेऊ."

"आधी लखनकडे जाऊ," जगन्नाथ म्हणाले.

नऊ वाजता दोघं बिजौलीला पोचले. लखन पत्र्याच्या दारात दात घासत होता. त्यानं जगन्नाथांची अर्धी दाढी निरखून पाहिली.

"कुत्ती कहाँ है, लखन?" जगन्नाथांनी विचारलं.

"हमें का पता, बाबूजी?"

"परसों वापस माँगने आए थे."

"माँगने आए थे, चुराने नहीं. चोरी काहे करें? अपनी चीज़ लौट के अपने घर आ जाती है."

"वह पैदा यहीं हुई थी?"

"नहीं. बड़ी आई थी, साल भर की. पाँच बरस हो गए."

"कहाँ से?"

लखननं चूळ भरली आणि दार लावून घेतलं.

परतताना ईशानी म्हणाली, "खोटं बोलतोय."

"कुत्री त्यानं नेलेली नाही, एवढं खरं आहे. पण त्याला घाई का नव्हती, याचा विचार कर." त्यांनी फोन काढून मंडळाच्या गटावरचा सकाळचा निरोप तिला दाखवला. आठ वाजता सचिव मृदुला केळकरांनी लिहिलं होतं: सभागृहात वाळवीचं औषध मारलं आहे, तरी आजची गाण्याची तालीम रद्द, कुणी येऊ नये.

"मग?"

"सभागृहाची देखभाल माझ्याकडे आहे. औषध मारणारी माणसं मीच बोलावतो. मी बोलावलेली नाहीत."

मंडळाच्या सभागृहाच्या मागे गणपतीची मखरं ठेवायची खोली आहे. दार आतून लोटलेलं होतं. जगन्नाथांनी ते ढकललं. जमिनीवर सतरंजी होती, सतरंजीवर मृदुलाताई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर जाईचं डोकं होतं. ती झोपली होती. दोन महिन्यांत ईशानीनं तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती.

"मावशी, तुम्ही?" ईशानीचा आवाज चढला. "मी सकाळपासून मरतेय इथे."

मृदुलाताईंनी मान वर केली नाही. जगन्नाथ खाली सतरंजीच्या कडेला बसले.

"मृदुलावहिनी, मी सांगतो. चुकलं तर थांबवा. शेडमध्ये सगळे हिंदी नाहीतर बुंदेली बोलतात. आणि ही मराठीत 'बाजूला हो' म्हटलं की सरकते. म्हणजे ती वर्षभराची होईपर्यंत मराठी घरात वाढली. झाशीत मराठी घरं किती, आणि त्यात लॅब्राडॉर किती? पाच वर्षांपूर्वी तुमच्याकडे एक होती. तुम्ही तेव्हा स्टेशनच्या पलीकडे राहत होता, मी तिला कधी पाहिली नाही. साप चावून गेली, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत."

"शेवंती," मृदुलाताई म्हणाल्या. कुत्रीचे कान हलले.

"साप चावला नव्हता."

"नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. दोन खोल्या, त्यात ही. मारुतराव म्हणाले, आमच्याकडे द्या, आपलंच घर समजा. दिली. दोन महिने फोन करून विचारत राहिले, मजेत आहे म्हणायचे. मग मीच फोन करणं सोडलं."

"आणि त्यांनी ती बिजौलीला पोचवली."

"मला काल कळलं हो. पंजावर तव्याचा चटका आहे तिच्या, आमच्याच घरात बसलेला. तो पाहिला. आणि ईशानी म्हणाली, रविवारी मारुतरावांकडे जाणार. आज ती दूध आणायला गेली, तशी शेवंती म्हणून हाक मारली, आली मागून."

"मग तेव्हाच सांगायचं ना मावशी," ईशानी म्हणाली.

"काय सांगू? तिला तिथे धाडणारी मीच, हे? इराला मी सांगितलं होतं, ती मेली. जिवंत आहे म्हटलं असतं तर पोर रोज बबीन्याला चल म्हणून बसली असती."

इरा म्हणजे त्यांची मुलगी. तेव्हा दहा वर्षांची होती, आता पंधराची.

जगन्नाथांनी एक मोठा श्वास घेतला. "यात कुत्री चोरणाऱ्या तुम्ही. पण हिचा खरा गुन्हेगार मारुतराव. आपल्या लोकांकडून कुत्री घ्यायची आणि लखनला द्यायची. सुटून आली तर पुन्हा आपल्याच लोकांकडून परत घ्यायची. लखन म्हणूनच निवांत होता. ऑपरेशन होऊ द्यायचं नव्हतं तेही त्यासाठीच. आणि तिसरा मी."

"काका, तुम्ही कसे?"

"त्या घरी नळापाशी कुत्र्याच्या चार वाट्या पालथ्या घातलेल्या मी पाहिल्या. कुत्रं कधी पाळलं नाही म्हणाले होते. विचारलं, तर म्हणाले शेजाऱ्यांच्या. शेजारी कुणी नाही, मागे मोकळं रान आहे. चाकाखाली वाकल्याशिवाय मी कधी गाडी सोडली नाही, आणि इथे पोहे खाऊन, मराठी बोलतात म्हणून सही करून आलो. वहिनी, तुमची चूक पाच वर्षांपूर्वीची. मी तीच चूक परवा केली. तुम्ही चोरी केली नसती तर उद्या मीच तिला गाडीत बसवून पोचवली असती."

ईशानी डोळे पुसत पोलिसांत काय लिहून द्यायचं ते ठरवत होती.

"ही मला देशील?" मृदुलाताईंनी तिला विचारलं. "आता घर मोठं आहे. सासूबाई गेल्या."

"मावशी, घरातल्या प्रत्येकाशी बोलल्याशिवाय मी कुत्रं देत नाही. आणि या वेळी मी खुद बोलणार. इराला बोलवा. तिला सगळं तुम्ही सांगायचं, मी नाही."

मृदुलाताईंचा चेहरा पडला. त्यांनी फोन हातात धरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "शिकवणी सुटली की सभागृहात ये," एवढंच त्या बोलू शकल्या.

इरा सायकलवरून आली. दाराशीच थांबली. मृदुलाताईंनी सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांचा आवाज ऐकू येत नव्हता, पण त्यांनी काही गाळलं नाही. इरा कुत्रीकडे बघत होती. कुत्री उठली, लंगडत तिच्यापर्यंत गेली आणि तिच्या सलवारीचा वास घेत राहिली.

"कितनी बार बच्चे हुए?" इरानं ईशानीला विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, सात-आठ वेळा तरी."

इरा खाली बसली. कुत्रीच्या मानेवरचे टक्कल पडलेले चट्टे ती बोटानं मोजल्यासारखी चाचपत होती. ती घरात मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीतून देते, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. आज ती शब्द शोधत शोधत मराठीत बोलली.

"दर सर्वपित्रीला मी शेवंतीच्या नावानं पान ठेवायचे. आई, ते पान तूच वाढून द्यायचीस."

मृदुलाताई रडू लागल्या. जगन्नाथांना तिथे बसवेना, पण उठायचाही धीर होईना.

"घरी नेऊ तिला," इरा म्हणाली. "तुझ्याशी मी नंतर बोलेन. आज नाही बोलणार."

तिनं कुत्रीला उचलायला हात घातले. ओझं एकटीला झेपेना. मृदुलाताई पुढे झाल्या, तर इरानं मान हलवून त्यांना थांबवलं आणि जगन्नाथांकडे पाहिलं. मागची बाजू त्यांनी धरली.