शंभरावं गाणं

"तिथे 'ला' नाही, 'सो' आहे."

छापखान्याच्या दारातून कुणीतरी असं म्हणालं आणि माझी पेन्सिल थांबली. मी त्रेचाळिसाव्या गाण्याचं प्रूफ तपासत होते... म्हणजे गुणगुणत होते. आमच्या ऐजॉलमध्ये गाण्यांची चाल दो-रे-मीच्या अक्षरांतच छापतात, आणि ती गाऊन पाहिल्याशिवाय चूक सापडत नाही. मूळ प्रत उघडली. 'सो'च होता. गेली दोन वर्षं या कामात माझी एकही चूक कुणी काढली नव्हती. आणि हा कोण कुठला, खांद्याला झोळी, बुटांना लाल माती, नोव्हेंबरच्या धुक्याने भुवया ओल्या झालेल्या...

"दारातून चुका काढता, आत आलात तर काय कराल?" मी विचारलं.

"आत आलो तर गप्प बसेन," तो म्हणाला. आणि खरंच, आत येऊन गप्प उभा राहिला.

त्याचं नाव लियानझुआला. सगळे त्याला झुआला म्हणत. चम्फाईच्याही पुढे, सरहद्दीजवळच्या एका गावात तो शिक्षक होता. गावाने त्याला एका गाण्यासाठी धाडलं होतं.

त्या वर्षी आमच्याकडे पाच ज्येष्ठांची एक समिती बसली होती. प्रत्येक मिझो मुलाला शाळा सोडताना यायलाच हवीत अशी शंभर गाणी निवडायची आणि त्यांचं पुस्तक काढायचं. पणजोबांच्या काळची शिकारीची गाणी, मिशनऱ्यांनी समुद्रापलीकडून आणलेली भजनं, मृताच्या घरी जागताना म्हणायची गाणी, आणि रेडिओवर गाजलेली दोन-चार प्रेमगीतंसुद्धा. दोन महिने वाद चालला होता. एका भजनावरून दोन ज्येष्ठ आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी नव्व्याण्णव ठरली. शंभरावं शनिवारी ठरणार होतं, आणि आज सोमवार होता.

अध्यक्ष होते पु साइझिका. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही पु म्हणतो, बाईला पि. शंभरावं गाणं आपल्या गावचं असावं, हे झुआलाचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की कागदावर चाल लिहिलेली नसेल तर समिती गाणं ऐकणारच नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "रुआती, तू उतरवून घे."

छापखान्यात यंत्रांचा खडखडाट. म्हणून तो संध्याकाळी आमच्या घरी आला. आमच्याकडे मुलाने मुलीच्या घरी संध्याकाळी येऊन बसण्यात कुणाला काही वाटत नाही. घरची माणसं आपापलं काम करत तिथेच बसतात. आई आमच्या दोघांच्या मधोमध सूप घेऊन बसली आणि घेवडा सोलू लागली.

झुआला गायला लागला.

चारच ओळी होत्या. डोंगरउतारावर निंदणी करणारी एक बाई पलीकडच्या डोंगरावरच्या शेतातून वर चढणारा धूर बघते आहे आणि विचारते आहे – माझाही धूर तुला दिसतो का? एवढंच. त्याचा आवाज काही फार मोठा नव्हता. पण गाताना तो कुणाला काही दाखवत नव्हता. जणू ती बाई इथेच कुठेतरी बसली आहे आणि तिला ऐकू जावं एवढ्याच आवाजात गात होता. आईचे हात थांबले. मी लिहायचंच विसरले.

"तिसरी ओळ परत," मी म्हटलं.

त्याने परत म्हटली – वेगळीच. मग म्हणाला, नक्की आठवत नाही, उद्या सांगतो.

मंगळवारी तिसरी ओळ उलट वर गेली. बुधवारी मध्येच वळली. मी दर वेळी नवा कागद घेत होते आणि जुना खणात सरकवत होते. त्या तीन संध्याकाळी बोलणंही बरंच झालं. त्याने शाळेतल्या पोरांच्या गमती सांगितल्या, एकाच वर्गात तीन इयत्ता कशा बसतात ते सांगितलं. मी त्याला नव्व्याण्णव गाण्यांपैकी माझी आवडती सात म्हणून दाखवली. तो मान खाली घालून ऐकायचा आणि गाणं संपलं की लगेच बोलायचा नाही. माझं गाणं असं कुणी ऐकलं नव्हतं.

गुरुवारी तो निघाला तेव्हा आई म्हणाली, "चार ओळींच्या गाण्याला चार दिवस लागतात होय? आमच्या वेळी लग्नं जमायची एवढ्यात."

मी सूप उचलून स्वयंपाकघरात नेलं.

शुक्रवारी दुपारी झुआलाच्या गावच्या पि छिंगी डोळे दाखवायला ऐजॉलला आल्या होत्या, त्या त्याची चौकशी करत छापखान्यात डोकावल्या. ते गाणं त्यांना येतं का, मी विचारलं. त्या हसल्या आणि उभ्या उभ्याच गायल्या. तिसरी ओळ अगदी सरळ होती. लहान मुलालाही एका दमात आली असती.

"झुआलाला येतं ना हे नीट?" मी विचारलं.

"त्याला? पोरी, आमच्या सगळ्या पोरांना त्यानेच शिकवलंय."

संध्याकाळी तो आला तेव्हा मी दारातच चार कागद त्याच्या हातात ठेवले. "यातला खरा कुठला, ते उद्या तुम्हीच सांगा समितीला. गावाने विश्वासाने पाठवलं होतं तुम्हाला."

तो लाल झाला. "सोमवारी खरंच चुकलो. तुम्ही मान वर करून पाहिलंत आणि... चुकलो. पुढचे तीन दिवस मात्र मुद्दाम."

मी दार लावून घेतलं. मग दिव्याखाली बसून पि छिंगींनी म्हटलं होतं तसं गाणं स्वच्छ अक्षरात लिहून काढलं.

शनिवारी सभेत मी इतिवृत्त लिहायला बसले होते. झुआला गायला, एकही स्वर इकडेतिकडे झाला नाही. पु साइझिका चष्मा पुसत म्हणाले, "सुंदर आहे. पण ज्याला एका गावाबाहेर कुणी ओळखत नाही, ते गाणं सगळ्यांना यायला हवं असं कसं म्हणायचं?"

मी समितीसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. तरी उभी राहिले.

"सोमवारपर्यंत मीही ओळखत नव्हते," मी म्हटलं. "माझ्या हातून शेकडो गाणी गेलीत. कागद संपला की मी ती विसरते. हे विसरता येत नाही. सगळ्यांना येतात ती गाणी आपण नव्व्याण्णव घेतली. ज्याच्यावाचून सगळे इतके दिवस राहिले, असं एक तरी घ्या."

आणि मी गायला लागले. दुसऱ्या ओळीला झुआलाने खालचा सूर धरला. परत म्हटलं तेव्हा समितीच्या खजिनदारांनी आपणहून खर्ज लावला. तिसऱ्यांदा ते दोन भांडखोर ज्येष्ठ एकमेकांकडे बघून गात होते. पु साइझिका तेवढे गप्प होते. संपल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझी आई निंदताना काहीतरी म्हणायची. मी कधी विचारलं नाही तिला, काय म्हणतेस म्हणून." मग माझ्याकडे वळले. "लिही. शंभर."

बाहेरच्या दगडी पायऱ्यांवर तो माझी वाट बघत उभा होता. सोमवारी पहाटेच्या सुमो जीपने तो गावी जाणार होता.

"माफ केलंत?" त्याने विचारलं.

"आधी माझं ऐका. मला बुधवारीच संशय आला होता. दोन कागद शेजारी ठेवले असते तर लगेच कळलं असतं... ठेवले नाहीत."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मग काल दार का लावलंत?"

"मीच पकडले गेले म्हणून."

तो इतका हसला की पायरीवर बसलाच. मीही शेजारी बसले. खाली दरीत ढग भरले होते आणि पलीकडच्या डोंगरावरची घरं एकेक करून दिसेनाशी होत होती. मग त्याने आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवला, स्पर्श होईल न होईल असा.

"नाताळच्या आधी दोन वडीलधारी माणसं तुमच्या घरी पाठवीन," तो म्हणाला. "मागणी घालायला. आई काय म्हणतील?"

"आई म्हणेल, उशीर केलात."

"आणि तुम्ही?"

मी त्याचा हात हातात घेतला. "मी म्हणेन, माणसं कशाला, तूच ये."