सड्यावरचा वाटाड्या

रावजी पेंटर त्या सकाळी घरातून निघाला तो फक्त एक रान बघून यायला.

"रान बघायला भाकरी बांधून घेऊन जातं का कोणी?" हौसानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारलं.

"बघितल्याशिवाय रंगवायचं कसं?" रावजी म्हणाला.

हे उत्तर हौसा लग्न झाल्यापासून ऐकत होती. नाटकासाठी समुद्राचा पडदा रंगवायचा म्हणून हा गृहस्थ किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत पार हर्ण्यापर्यंत गेला होता. डोंगराचा पडदा आला तेव्हा घाट चढून गेला आणि तळपायांना फोड घेऊन परतला. राजवाड्याचा पडदा आला तेव्हा मात्र तो हिरमुसला होता, कारण थिबा राजाचा वाडा रत्नागिरीतच, हाकेच्या अंतरावर होता. तिथं जाऊन येईपर्यंत घामसुद्धा येत नसे.

रावजी आप्पा खातूंच्या नाटक मंडळीत पगारी पेंटर होता. दिवसभर मांगरात, म्हणजे मंडळीच्या सामानाच्या खोपटात, जमिनीवर कापड पसरायचं, सरस उकळायचा, रंगाच्या भुकट्या कालवायच्या आणि गुडघ्यांवर रांगत झाडं, कारंजी, महाल उभे करायचे. काम त्याच्या जिवाचं होतं. पण दोन दिवस सलग मांगरात काढले की त्याचे पाय झोपेतही हलत, अशी हौसाची तक्रार होती. त्या वर्षी जुन्या रानाच्या पडद्याला वाळवी लागली आणि आप्पांनी स्पष्ट सांगितलं, "रावजी, त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला नवं रान उभं राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर मी कोल्हापुराहून माणूस आणतो. मग तू फिर हवा तेवढा."

रावजीला ते लागलं. त्याला पडदे सोडायचे नव्हते आणि वाटाही सोडायच्या नव्हत्या. एका दिवसात जाऊन येतो, अशी शपथ घेऊन तो निघाला.

भाट्याची खाडी तरीच्या होडीतून ओलांडून तो पावस गावाच्या अंगाला लागला. त्या बाजूला मोठा सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा, काळपट माळ. त्याच्या पलीकडच्या घळीत देवाची जुनी राई होती, आणि तिथली झाडं एकदा बघितली की पडद्यावर रान आपोआप उतरेल अशी रावजीची खात्री होती. चढाच्या पायथ्याशी धोंडूबाई नावाची म्हातारी गवत कापत होती.

"कुठं चाललास रे?"

"राई बघायला, आजी."

"मग बिगी बिगी जा. भर दुपारचा सड्यावर राहू नको. वर चकवा हाय. माणसाला वाट चुकवतो नि गोल गोल फिरवतो."

"चकवा रात्रीचा असतो ना?"

"रात्री कोण जातंय वर? त्याला गिऱ्हाईक नको?" म्हातारीनं विळा बाजूला ठेवला. "लागलाच तर सदरा उलटा घाल नि खाली बस. चालू नको. जो चालतो त्यालाच तो फिरवतो."

रावजीनं मान डोलावली आणि चढ चढला.

वर वाळल्या गवताचा गोड, भाजका वास होता. खाली समुद्राची गाज ऐकू येत होती. किड्यांची किरकिर सुरू होती. वाटेत एक एकटं किंजळीचं झाड लागलं. त्याची एक फांदी मोडून खाली लोंबत होती. रावजीनं ते मनात टिपलं आणि पुढं गेला. बराच चालल्यावर पुन्हा एक किंजळ लागली. तिचीही फांदी मोडलेली. वारा मोठा असणार इकडं, असं त्याला वाटलं. पण तिसरी किंजळ दिसली आणि तिच्याखाली त्याच्याच वहाणांचे ठसे दिसले, तेव्हा तो थांबला.

किडे गप्प झाले होते. समुद्राची गाज कोणी दार लावून घ्यावं तशी बंद झाली होती. आणि त्या रखरखीत उन्हात एक वास येत होता… पावसात भिजलेल्या कांबळ्याचा.

मागं पावलं वाजत होती. रावजी थांबला की तीही थांबत. फक्त थांबायच्या आधी एक पाऊल जास्त पडत होतं.

त्यानं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं. पुन्हा समोर बघितलं तर वाटेवर एक माणूस पाठमोरा उभा होता. डोक्यावरून कांबळं घेतलेलं, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. ठिबकत होतं, पण खालचा दगड ओला होत नव्हता.

"असं या…" तो म्हणाला.

रावजीनं सदरा काढला आणि उलटा करून घातला.

"सदरा उलटा झालाय तुमचा," तो माणूस न वळता म्हणाला. "असं या…"

आता उरलं होतं खाली बसणं. पण घाबरलेल्या रावजीला काय वाटेल ते करता आलं असतं, बसता मात्र आलं नसतं. भीती वाटली तरी, आनंद झाला तरी, हौसाशी भांडण झालं तरी तो चालायचाच. तेव्हा तो चालू लागला. पुढं कांबळंवाला, मागं रावजी. किंजळ आली, गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली.

आणि चालता चालता त्याची भीती हळूहळू कमी होऊ लागली. पायाखाली सपाट दगड, वर स्वच्छ आभाळ, आणि 'कधी येणार' असं विचारणारं कोणी नाही. त्याच्या ध्यानात आलं की झाडाची सावली बुंध्यापासून हललेलीच नाही. मध्यान्ह जागच्या जागी थांबली होती. दिवसच मावळत नसेल तर आप्पांकडे उशीर व्हायचा प्रश्नच नव्हता. रावजीनं पिशवीतून कागद आणि शिसपेन्सिल काढली. एका फेरीला त्यानं किंजळ समोरून काढली, दुसऱ्या फेरीला बाजूनं, मग नुसत्या मुळ्या. इतकं निवांत काम त्याला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं.

पुढच्या माणसाची चाल मात्र मंद होत गेली. आधी रावजी त्याच्या मागं होता, मग बरोबरीला आला, मग पुढं गेला. शेवटी मागून धापा ऐकू येऊ लागल्या.

"जरा… बसू या का?"

"दमलात?" रावजीनं विचारलं.

"माणसं थोड्या फेऱ्यांतच रडायला लागतात," तो म्हणाला. "तुम्ही काय खाता?"

ते किंजळीखाली बसले. समोर बसलेला माणूस काढायचा नाही हे रावजीला जमलं नसतं. त्यानं कागदावर कांबळं काढलं, खांदे काढले आणि नाक काढायला मान वर केली. नाक काढलं, पुन्हा बघितलं, तर नाक वेगळं होतं. त्यानं ते पुसून नवीन काढलं. आता डोळे वेगळे होते.

"हलू नका हो," रावजी वैतागून म्हणाला.

"मी हललो नाही…"

रावजीनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. कांबळ्याखाली चेहरा संथ पाण्यासारखा वाहत होता. म्हातारा, तरणा, मिशीवाला, देवीच्या वणांचा. सड्यावरून जे जे परत आले नसतील, ते सगळे तिथं आळीपाळीनं डोकावत होते. रावजीच्या हातातली पेन्सिल गार पडली.

"तुम्हाला… पाठमोरं काढतो," तो म्हणाला. "पाठमोरे तुम्ही जास्त चांगले दिसता."

तो माणूस निमूट वळून बसला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "या सड्यापलीकडं काय आहे?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"मी सदा चालतो. पण हा सडा सोडून काही बघितलं नाही."

भूत का असेना, चालणारा माणूस होता. रावजीनं त्याला हर्ण्याच्या बंदरावरचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव सांगितला, घाटमाथ्यावरचं धुकं सांगितलं, खाड्या सांगितल्या. तो ऐकत राहिला. शेवटी समजूत घालायची म्हणून रावजी बोलून गेला, "माझं तरी काय? माझे पडदे जत्रेजत्रेला फिरतात आणि मी मांगरात रांगतो."

बोलल्यावर त्याला वाटलं, बोललो नसतो तर बरं झालं असतं.

"मग मला त्या पडद्यात काढा…"

"आणि नाही काढलं तर?"

"मग उठू या," तो सावकाश म्हणाला. "दम खाऊन झालाय माझा."

वर सूर्य तसाच टांगलेला होता. रावजीला हौसा आठवली, आप्पा आठवले, आणि रांगायचा तो कोंदट मांगर जन्मात पहिल्यांदा हवाहवासा वाटला. तो म्हणाला, "काढतो."

त्यासरशी समुद्राची गाज परत आली. किडे किरकिरले. सूर्य धपकन पश्चिमेला उतरला, आणि राई न बघताच रावजी उलट्या सदऱ्यानं घरी पोचला. हौसा जे बोलली ते चकव्यापेक्षा भारी होतं.

पण पडदा झाला, आणि वेळेत झाला. घनदाट रान, मधून तांबडी पायवाट आणि वाटेवर अंगठ्याएवढा एक पाठमोरा वाटसरू, डोक्यावर कांबळं घेतलेला.

"हा कोण?" आप्पांनी विचारलं.

"वाट आहे, आप्पा. कुणीतरी चालणारच."

जत्रेतल्या पहिल्याच खेळात गंमत झाली. राजाचं काम बाबल्याकडे होतं. माणूस आडवातिडवा, आवाज ढोलासारखा. रानाचा प्रवेश संपवून तो उजवीकडून आत गेला आणि डावीकडून परत रंगभूमीवर आला. दचकून पुन्हा आत गेला, पुन्हा आला. पुढं अंतःपुराचा प्रवेश लागला, राणी झालेला बाळा एकांतात विरहाचं पद म्हणत होता, आणि मध्येच बाबल्या धापा टाकत हजर झाला. बाळा मोठा हजरजबाबी. पदर सावरत म्हणाला, "महाराज, पुन्हा वाट चुकलात?" प्रेक्षक हसून हसून लोळले.

खेळ संपल्यावर बाबल्या आप्पांचे पाय धरायला आला. "मी सरळ जात होतो हो. पुढं एक माणूस होता, असं या म्हणाला."

आप्पांनी टाळ्या ऐकल्या होत्या. "उद्याही असाच चुक," ते म्हणाले.

पडद्याच्या दोऱ्यांपाशी बसलेल्या रावजीला ओल्या कांबळ्याचा वास आला. तो दोऱ्या गुंडाळत राहिला. खरं सांगून कोल्हापूरच्या माणसाला बोलावणं कोण पाठवील?

मंडळी गावोगाव फिरली. वाट चुकणारा राजा बघायला लोक बैलगाड्या जुंपून येऊ लागले. बाबल्या मात्र वाळत चालला. रंगभूमी फळ्यांची, पण खेळ झाला की त्याचे तळवे जांभ्याच्या तांबड्या धुळीनं भरलेले असत. हर्ण्याच्या खेळात तो पहिल्यांदाच सरळ आत गेला आणि सरळ झोपला. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला. आप्पा चिडले, आणि मंडळी मचव्यातून रत्नागिरीला परतली.

रावजीनं मांगरात पडदा उलगडला. वाट रिकामी होती. वाटसरूच्या जागी गवत होतं. ते रावजीनं रंगवलेलं नव्हतं, आणि त्याच्यापेक्षा चांगलं रंगवलेलं होतं. या दुसऱ्या गोष्टीचं त्याला पहिल्या गोष्टीपेक्षा जास्त वाईट वाटलं.

थोड्याच दिवसांनी हर्ण्याचा जानू तांडेल सुकी मासळी घेऊन रत्नागिरीला आला. रावजी हर्ण्याला गेला की मुक्काम त्याच्याकडेच असे. तो पडवीत टेकला, हौसानं त्याला चहा दिला, आणि तो कपाकडे बघत हळू आवाजात सांगू लागला.

"ऊन चांगलं होतं. बंदर समोर दिसतंय, लिलावाला जमलेली माणसं दिसतायत, नि आमचं होडकं आपलं गोल गोल फिरतंय. सुकाणू धरलेलं तरी फिरतंय. पुढं पाण्यावर एक माणूस उभा. डोक्यावर कांबळं. असं या म्हणतो."

सुपातले तांदूळ पाखडता पाखडता हौसाचा हात थांबला.

"मग सुटलात कसे?" रावजीनं विचारलं.

"मी म्हटलं, बाबा, आमची मासळी कुजते. तुला काय पायजे ते सांग. तर विचारलान, मुंबई कुठल्या अंगाला?"

"तू सांगितलंस?"

"सांगितलं. मासळी खरंच कुजत होती." जानूनं चहा संपवला, पण कप खाली ठेवला नाही. "लगेच वळला नि पाण्यावरनं उत्तरेला चालायला लागला. एकटा नव्हता, रावजी… त्याच्या मागं आणखी एक बाईमाणूस चालत होतं. आमच्यातलं नाय, कुणाच्या ओळखीचं नाय. ती मागं वळून वळून आमच्याकडं बघत होती नि हात करत होती. या म्हणून करत होती, का सोडवा म्हणून… ते काय आम्हाला कळलं नाय."