न वाळणारा गिलावा

पुतणीनं डोकं खाल्लं म्हणून लिहितोय, नाहीतर या वयात बोटं दुखवून घ्यायची मला हौस नाही. पुढं काय झालं, असं मध्येच विचारायचं नाही. मुकाट्यानं वाचायचं.

तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, गवंडी. बहिणीच्या नव्या घराचा गिलावा त्यानंच केलेला, तो काही केल्या वाळेना. भर उन्हाळ्यात, टळटळीत दुपारी तो बघायला गेला. घर मेहुण्याचं. मेहुणा वाळूचा ठेकेदार. गावाखालची नदी त्यानं खरवडून खरवडून विकली. तिची शेवटची वाळू याच घराच्या भिंतींत गेली. खाली उरला नुसता काळा खडक. आता पाऊस पडला तरी पाणी थांबत नाही, विहिरी कोरड्याठाक. खडक झिजून पुन्हा वाळू व्हायला नातवंडांची नातवंडंही पुरायची नाहीत. गेली ती गेली.

दार उघडंच होतं. आत गारवा. आणि वास... शेवाळाचा, मासळीचा.

"आलास का रे?" आतून बहिणीचा आवाज. पाय मोडून बिचारी खाटेला खिळलेली. "तुझे दाजी म्हणतात, तू सिमेंट खाल्लंस."

"दाजींना म्हणावं, पचतं का ते आधी स्वतः खाऊन बघा."

ती हसली. मग कुजबुजली, "हळू बोल... ती ऐकते."

"कोण, ताई?"

तिनं भिंतीकडं बोट केलं.

भावानं थापीच्या मुठीनं भिंत ठोकली. गिलावा सुटला असला की बद्द वाजतो, तिथं खडूनं खूण करायची. पण हे बद्द नव्हतं. पाण्यातल्या होडीला बाहेरून ठोकावं, तसं वाजलं. त्यानं कान लावला. लांबवर खळखळ चालली होती.

ओल घोट्याइतकी चढलेली. ओलीच्या कडेवर त्यानं खडू ओढला आणि बाकीच्या खोल्या पाहिल्या. सगळीकडं तीच उंची, घरात पाणी भरल्यासारखी. परत आला तर ओल गुडघ्यावर. खडूची रेघ तिच्याखाली बुडालेली, आणि... ती रेघ पाण्याखालच्यासारखी हलत होती.

"ताई, चल. उचलतो तुला."

"यांना न विचारता? ओरडतील."

"ओरडू देत!"

"तिला तरी कुठं जागा उरली रे... तिचं अंथरूण आपल्या भिंतीत..."

ओल खाटेच्या उंचीला आली. फरशी कोरडी, पण बहिणीनं हनुवटी वर केली. तोंड उघडलं. श्वास मिळेना. भावानं तिला खांद्यावर टाकलं, तेव्हा कुठं ती खोकली. दारापर्यंत त्याच्या पायांना ओढ लागत होती, धारेत उभं राहिल्यासारखी. उंबऱ्याबाहेर पडला तर ऊन मी म्हणत होतं. दोघांचे कपडे कोरडे.

भावाची हाक ऐकून मी धावत गेलो. पाठोपाठ ठेकेदार आला. चारचौघांत माझ्या अंगावर बोट रोखून म्हणाला, "दोघं भाऊ चोर! सिमेंट विकलंत, आता भुताची सोंगं करता होय?" चपला काढल्या आणि तरातरा आत गेला.

आम्ही वाट पाहिली. हाका मारल्या. शेवटी चार गडी आत शिरले. भिंती खडखडीत वाळलेल्या. ओलीचा डाग मात्र पार छताला टेकलेला. मागं दार नाही, खिडक्यांना गज. माणूस नाही.

बहीण आता माझ्याकडंच असते. रडत नाही. संध्याकाळी फिरून आलो की एवढंच विचारते, "आज वाजलं का?"

वाजतं. मी रोज जातो, काठीनं ती भिंत ठोकतो. आतून कुणीतरी उलट ठोकतं, घाईघाईनं, खालपासून वरपर्यंत. मी काही गिलावा फोडायचा नाही. चोर म्हणालास मला, चारचौघांत. माफी मागायची राहिलीय तुझी, ठेकेदार.