सतरा नंबरची कडी

ही घडलेली गोष्ट आहे. ऐकीव नाही, माझ्याच बाबतीत घडलेली. मी रोज देवासमोर बसणारी बाई आहे. सकाळी तासभर मौन, संध्याकाळी सहाला दिवा, मग जप. खोटं बोलत नाही.

लिहिलं मात्र होतं. एकदाच. तीन शब्द.

तो मंगळवार होता. संध्याकाळचे सहाला दहा कमी. नगरपालिकेचा गृहनिर्माण विभाग, दुसरा मजला, खिडकीजवळचं माझं टेबल.

त्या वर्षी पालिकेने रस्त्यावर राहणाऱ्या कुटुंबांसाठी चाळीस घरं बांधली होती. भाडं नावापुरतं, बाकीचा भार पालिकेचा. यादी पक्की होण्याआधी प्रत्येक कुटुंब खरंच सांगितलेल्या जागी राहतं का, हे पाहायचं काम माझ्याकडे होतं. पण ज्यांना दारच नाही, त्यांची कडी कुठे वाजवणार? म्हणून नियम असा होता... जागेवर जायचं, फॉर्मचा नंबर घेऊन तीनदा हाक मारायची, दहा मिनिटं थांबायचं. ओ आली तर त्याच नंबरचं घर त्यांचं. नाही आली तर ते प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या कुटुंबाला.

एकोणचाळीस जागा पाहून झाल्या होत्या. राहिला होता सतरा नंबर.

ती बाई शर्टांना बटणं लावायची. गोदामाच्या मागच्या भिंतीला ताडपत्री बांधून दोन मुलींसह राहायची. फॉर्म भरायला आली तेव्हा धाकटीने माझ्या टेबलावर हनुवटी टेकवून विचारलं होतं, "ताई, त्या घराला आतून कडी आहे?"

"आहे की."

"आम्ही लावली तर बाहेरून कोणालाच उघडता येणार नाही?"

"कोणालाच नाही."

ती मोठीकडे वळून म्हणाली, "बघ. मी म्हटलं नव्हतं?"

गोदाम माझ्या घराच्या उलट्या दिशेला. तिथे गेले असते तर सहाचा दिवा चुकला असता. अकरा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

आमच्या हेडक्लार्कना सगळे शिक्केसाहेब म्हणायचे. ते टेबलाशी येऊन उभे राहिले. "झालं का बाई? सकाळी यादी गेली नाही तर निधी परत जाईल. तुमचा देव थांबेल, आयुक्त थांबत नाहीत."

"झालं," मी म्हणाले.

आणि सतरा नंबरसमोर लिहिलं, 'जागेवर आढळले नाहीत.'

त्या संध्याकाळी दिवा वेळेवर लागला. आता काय लपवायचं... मला समाधान वाटलं होतं.

मनाशी म्हटलं, हरकत घेतील. त्याला पंधरा दिवस असतात. नोटीस पोस्टाने गेली. पत्ता, गोदामाची मागची भिंत. पत्ता अपुरा म्हणून ती परत आली. मीच ती फाइलला लावली.

दोन महिन्यांनी, भरदुपारी, ती भिंत कोसळली.

शिक्केसाहेब चहा पिता पिता पेपर वाचत होते. "आई आणि दोन मुली. ही आपली सतरा नंबरवाली तर नव्हे?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

माहीत होतं.

सतरा नंबरचं घर एका हमालाला मिळालं. नवरा, बायको, कडेवरचं मूल. महिना झाला नाही तोच हमालाची बायको मूल कडेवर घेऊन ऑफिसात आली आणि माझ्यासमोर किल्ली ठेवली.

"घर परत घ्या, बाई."

शिक्केसाहेब तिकडून म्हणाले, "का हो? राजवाडा हवा होता की काय?"

"राजवाड्याचं तुम्हाला माहीत. आमच्या घराला आतून कडी लागते."

"कडी आतूनच लागते."

"आम्ही बाहेर असताना?"



ती सांगू लागली. रोज सहाला दहा कमी झाले की तान्हं रडायला लागतं. इतकं, की त्याला घेऊन जिन्यावर यावंच लागतं. आणि पाठीमागे... कडी सरकते. दहा मिनिटांनी आपोआप उघडते. आत कोणी नाही. सुताराने दोनदा कडी बदलून दिली.

"फुटपाथवर निदान कोणी आम्हाला बाहेर काढून आतून कडी लावत नव्हतं," ती म्हणाली.

मी हळूच म्हटलं, "घर परत केलंत तर पुन्हा कधी यादीत नाव येणार नाही."

"ठाऊक आहे. मला काय हौस आहे, पोराला परत रस्त्यावर निजवायची? पण हे असं किती दिवस? उद्याची संध्याकाळ बघते. मग निघते."

तिने किल्ली उचलून नेली. सहाला दहा कमी. दहा मिनिटं. ही वेळ दुसऱ्या कोणाला कशी कळणार?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गोदामावर गेले. पहिल्यांदाच. रखवालदार पडक्या भिंतीच्या विटा रचत होता. मी त्या बाईबद्दल विचारलं.

"पालिकेची कोणी ताई येणार होती त्या मंगळवारी," तो म्हणाला. "दिवसभर बटणाला हात लावला नाही बिचारीने. पोरींना न्हाऊ घालून, भांग पाडून बसवलं. धाकटी सारखी विचारायची, ताईने हाक मारली की काय म्हणायचं? आई म्हणायची, 'आहोत' म्हणायचं. अंधार पडेपर्यंत बसल्या होत्या. मला पाणी आणायलासुद्धा पाठवलं. म्हणे, आम्ही उठलो आणि तेवढ्यात ती आली तर?"

मग त्याने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

मी खाली पडलेली एक वीट उचलून त्याच्या हातात दिली.

त्या संध्याकाळी मी दिवा लावायला घरी गेले नाही.

नव्या इमारतीचा तिसरा मजला. जिन्यावर हमाल बसला होता, शेजारी त्याची बायको, मांडीवर रडणारं मूल. समोर सतरा नंबरचं दार. मी पोचले आणि... कडी सरकली.

आतून.

मूल एकदम गप्प झालं.

मी दारासमोर उभी राहिले. आणि नियमाप्रमाणे हाक मारली.

"फॉर्म नंबर सतरा..."

काही नाही.

"फॉर्म नंबर सतरा..."

आत अनवाणी पावलं वाजली. छोटी. धावत आली आणि दाराशी थांबली. दाराच्या फटीतून ओल्या केसांचा वास आला. नुकतंच न्हाऊ घातलेल्या मुलांचा येतो, तसा.

"फॉर्म नंबर सतरा..."

"आहोत."

अगदी कडीच्या उंचीवरून आला आवाज.

"आहोत, ताई. आम्ही तिथंच होतो."

कडी उघडली. दार आपोआप हातभर मागे गेलं. आत हमालाची चटई, चूल, दोरीवर मुलाचे कपडे. बाकी कोणी नाही.

मी जिन्यावर बसले. आणि हमालाच्या बायकोला सगळं सांगितलं. तीन शब्द, दिवा, नोटीस, सगळं.

हमाल काही बोलायला गेला, तिने त्याला हाताने थांबवलं.

"म्हणजे हे घर त्यांचं."

"कागदावर तुमचंच आहे."

"कागदाचं नका सांगू, बाई. कागद तुम्हीच लिहिता."

तिने मूल खांद्यावर घेतलं.

"सोडत नाही मी घर," ती शेवटी म्हणाली. "पण रोज दहा मिनिटं आम्ही जिन्यावर बसू. तेवढा वेळ त्यांचा. पोरींना कडी लावून बसू दे निवांत."

मला ती रागाने एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शिक्केसाहेबांना म्हटलं, नोंद दुरुस्त करायची आहे. माझं नाव घालून लिहा, मी गेलेच नव्हते.

त्यांनी चष्मा काढला. "मंजूर झालेली यादी उघडत नाहीत, बाई. आणि आता त्यांना हजर कसं दाखवू?"

नोंद तशीच आहे. माझ्याच अक्षरात.

हमालाचं कुटुंब अजून तिथे राहतं. रोज जिन्यावर बसतं. मूल आता रडत नाही म्हणे, दाराकडे बघून हसतं.

मी एकटी राहते. आता ऑफिसातून साडेपाचलाच निघते. दिवा अजून लावते, पण सहा वाजून गेल्यावर. त्याआधीची दहा मिनिटं मी देवाच्या खोलीबाहेर उभी असते. दार बंद असतं. मी ढकलून पाहिलं आहे, हलत नाही.

बरोबर सहाला दहा कमी असताना आत कडी सरकल्याचा आवाज येतो...

त्या दाराला आतून कडी नाही. कधीच नव्हती.