ताईच्या वाट्याचं आभाळ

विश्वास ठेवा, नका ठेवू. तुम्हाला पटवून मला काय मिळणार आहे? पण हे माझ्याच बाबतीत घडलं. गेल्या उन्हाळ्यात, आमच्या इमारतीच्या गच्चीवर.

मी शिंपी आहे. दिवसभर सुईदोऱ्यात डोळे घालून बसणारा माणूस. मला आभाळाकडे बघायला लावलं ते मोठ्या बहिणीनं. दोघांचीही लग्नं राहून गेलेली, त्यामुळे एकाच घरात. उन्हाळ्यात उल्कावर्षावाची रात्र आली की ती मला ओढतच गच्चीवर न्यायची.

आमची एक पद्धत होती. चटईवर डोक्याला डोकं लावून झोपायचं, पाय विरुद्ध दिशांना. अर्धं आभाळ तिचं, अर्धं माझं. मान वळवायची नाही. तारा तुटताना दिसला की ओरडायचं, "तुटला!"

तिच्या बाजूचा तारा मला दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून मी हमखास म्हणायचो, "थापा!"

"जळतोस माझ्यावर," ती म्हणायची, आणि मग तासभर तिची टकळी चालू.

हिवाळ्यात ताई गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. घर एकदम गप्प झालं. मी रेडिओ लावून जेवायला लागलो.

उन्हाळा आला, ती रात्रही आली.

गच्चीची किल्ली देताना वॉचमननं विचारलं, "एकटेच चाललात, मास्तर?"

"मग कुणाला आणू?" मी वैतागून म्हणालो.

वर चिटपाखरू नव्हतं. चटई पसरली आणि सवयीनं माझ्याच अर्ध्यावर आडवा झालो. तिची बाजू रिकामी.

बराच वेळ काहीच नाही. टाकीत पाणी पडत होतं, तेही थांबलं.

आणि मग... डोक्यामागून...

"तुटला!"

"थापा!" मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. मग अंगावर सर्रकन काटा आला.

आवाज ताईचा होता.

मान वळवावीशी वाटली. पण वळवली आणि तिथं कुणीच नसलं तर? खरं सांगतो, मला जास्त भीती त्याची वाटली.

पडून राहिलो. "तुटला!" "थापा!" "तुटला!" "थापा!" डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात जात होतं. मला इतकं बरं वाटत होतं.

मग वारा सुटला. ढग आले. बघता बघता सगळं आभाळ झाकलं गेलं. एकही तारा उरला नाही.

"तुटला!"

मी गप्प.

"तुटला!... तुटला!" आवाजाला आता घाई झाली होती. आणि तो जवळ आला होता.

"ताई," मी हळूच विचारलं, "सगळीकडे ढग आहेत गं. तू बघतेयस तरी कुठे?"

उत्तर नाही.

श्वासाचाही आवाज नाही.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताई एका शब्दावर कधी थांबलीच नसती.

ती ताई नव्हती.

उठून पळायला हवं होतं. पण पळून जायचं कुठे? खाली, त्या घरात?

माझ्या केसांना काहीतरी गार टेकलं.

"तुटला," ते अगदी हळू म्हणालं.

मी डोळे मिटले आणि म्हणालो, "थापा."

उजाडेपर्यंत आमचं हेच चाललं होतं. मी मान वळवली नाही.

परवा पुन्हा उल्कावर्षाव आहे. जाऊ नये, हे मला कळतं. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण त्या रात्रीनंतर माझ्याशी इतका वेळ कुणीही बोललेलं नाही.